भुताची टोपली

बाघमारा,
९ नोव्हेंबर

लाडक्या सालमेस,
तुझ्या आमाचे आशीर्वाद. मी बरी आहे. संत्री यंदा बारीक, पण गोड. सुकी मासळी डब्यात भरून ठेवलीय, परवा जावयाबरोबर द्यायची राहूनच गेली.

गेल्यापासून तुझं पत्र नाही. जाताना म्हणालीस, "आमा, तुझ्या भुताच्या टोपलीनं माझी पोर गेली असती!" आणि उतारावरच्या साऱ्या टोपल्यांच्या वेली, मेमांग-कोक्सी, कोयत्यानं छाटल्यास. त्यांना पुन्हा पेले आलेत. उपाशी जमिनीत वाढतात बिचाऱ्या, म्हणून पेल्यात पडलेल्या माश्या-मुंग्या खातात. मिटल्या पेल्यातलं पाणी तू लहान असताना, डोळे आले की, तुझ्याही डोळ्यांत घातलं होतं मी. तुझ्या टेंगचीच्या डोळ्यांतही तेवढंच घातलं, पाजलं नाही. तिच्या उलट्या थांबेनात तेव्हा दवाखान्यात मी हेच सांगत होते, तर सगळ्यांदेखत म्हणालीस, "तू गप्प बस."

बसले गप्प. पण तुम्ही गेल्यावर खांबांवरल्या घराखाली झाडायला वाकले, तर पोरींच्या चूलबोळक्यांत काळी टरफलं. शेजारची चिमुरडी म्हणाली, "आंबी आजी, आम्ही शेंगदाणे खाल्ले. टेंगचीनं जास्त खाल्ले. मलापण उलटी झाली, आईला सांगू नको हं."

शेंगदाणे कुठले! मोगली एरंड तो. त्याला ना भूक, ना तोंड. माशीसुद्धा धरत नाही. बी मात्र चवीला गोड, आणि पोटात गेलं की आतडी पिळून काढतं.

मिरच्यांभोवती त्या एरंडाचं कुंपण कुणी लावलं, तुला ठाऊक आहे. बकऱ्या माझ्या मिरच्या खातात म्हणून जावयानं, ग्रिकसेंगनंच भर उन्हात फांद्या रोवल्या. माझ्यासाठी. टेंगचीनं त्याच कुंपणाच्या बिया खाल्ल्या हे तुला कळलं असतं तर ग्रिकसेंगला दारात उभं केलं नसतंस. म्हटलं, राहू दे दोष माझ्याकडे.

परवा तो आला होता. त्याच फांद्यांची मोळी बांधली. "तुरा शहरातल्या आमच्या नव्या घराला कुंपण करतो," म्हणाला. इतका खुशीत होता, माझी जीभच उचलेना. आणि तुझा धाकटा भिंत धरून चालतोय म्हणे. दिसेल ते तोंडात घालायचं वय.

रोवल्या असतील तर आजच उपट. इथल्या मी उपटल्या. बकऱ्या मिरच्या खातात, खाऊ देत. त्याला बोलू नकोस. एवढंच सांग, आमाला ते झाड आवडत नाही.

माझ्यावरचा राग हवा तर ठेव. तो मला पचतो, सालमे. ते बी पोरांना पचायचं नाही.

तुझीच,
आमा