तोंडखुरीची सुई

केनवड, ता. ६ जानेवारी १९७५

तीर्थरूप गुलाबरावदादास, कस्तुराचा शि. सा. नमस्कार वि. वि.

इकडे माणसं बरी हायेत, ढोरायचं मात्र इचारू नको. तू नागपूरले जनावरांच्या दवाखान्यात कामाले, मनून दिवाळीत आला तवा ऐटीत सांगतलं, का एक सुई मारली का सा महिने तोंडखुरीचं भेव नाही. तुह्या शब्दावर मी घरोघर फिरून चाळीस ढोरं तू आणलेल्या सुईले उभी केली. आता पाह्य! आमच्या दोन्ही बैलायच्या तोंडातून लाळ गळून राह्यली, जिभेची साल निंगाली, खुरात जखमा. मोट बंद, वांगी वाफ्यातच सुकून राह्यली. शेजारच्या हौसाबाईचं वासरू काल दूध पितापिताच कोसळलं अन् गेलं. तिनं पाणोठ्यावर सगळ्यायदेखत मले इचारलं, का तुह्या भावानं सुईत पाणी भरलं होतं काय. मी काय सांगू? काहून बोलला तू तसं?

राग हाये, मनून माया कमी झाली असं समजू नको.
तुही कस्तुरा

नागपूर, ता. ११ जानेवारी १९७५

चि. कस्तुरास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. सुईत पाणी नव्हतं गं. आमचे डॉक्टरसाहेब सांगतात, लस टोचली की जनावराच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार होतात. ती रोगाचा विषाणू ओळखून त्याला निकामी करतात. पण या विषाणूच्या जाती अनेक, आणि वाढता वाढता तो अंगावरचं कवचही थोडंथोडं बदलतो. बहुतेक बदल वाया जातात. एखादा असा निघतो, की प्रतिद्रव्यांना तो ओळखूच येत नाही. मग बाकीचे मरतात आणि तोच फोफावतो. तुमच्याकडे कोणता आला, ते तपासल्याशिवाय कळणार नाही. एसटीचे कंडक्टर गुलाबसिंग यांच्याकडे साल टिकवायच्या औषधाची बाटली दिली आहे. नुकत्याच आजारी पडलेल्या जनावराच्या जिभेवरची सुटलेली साल तीत घालून पाठव. बैलांचे खूर पोटॅशच्या लाल पाण्याने धू, मऊ चारा दे, आणि बाजारात नेऊ नको.

रागाव, पण पत्र टाकत जा.
गुलाबराव

केनवड, ता. १७ जानेवारी १९७५

तीर्थरूप दादास, शि. सा. नमस्कार.

कवच बदलते मने! आमी लुगडं बदलाले दिवाळीची वाट पाहतो अन् हा मेला रोज बदलून राह्यला. नुकतीच बिमार पडलेली मनशील तं एकच, हौसाबाईची गाय. जिचं वासरू मेलं तिच्याच दारात मले जा लागलं. तं ती सोताच गायीचं शिंग धरून उभी राह्यली. साल पाठवली हाये. आता ग्यान पुरे, जबाब पाठव. अन् चूक तुही असन तं तसं सरळ लिव.

वाट पाहणारी,
कस्तुरा

नागपूर, ता. २० फेब्रुवारी १९७५

चि. कस्तुरास आशीर्वाद.

तपासणी झाली. लशीत होती ती जात वेगळी, तुमच्याकडे आली ती वेगळी. ती सुई या रोगाला लागूच नव्हती.

आणि चूक माझीच. भेव नाही, असं डॉक्टरसाहेब कधीच म्हणाले नव्हते. नागपूरचा पाहुणा म्हणून मी भाव खाल्ला. दोन्ही जातींची लस घेऊन तुमच्या भागातले डॉक्टर एक तारखेला केनवडला येतील. ज्या जनावरांना रोग लागला नाही, त्यांना टोचून घ्या. पण तीही पुरेल, अशी हमी मी देत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा टोचावी लागेल, आणि रोगाने रूप बदललं तर लसही बदलावी लागेल. हे पत्र सगळ्यांना वाचून दाखव.

माया राहू दे, मान राहिला नाही तरी.
गुलाबराव

केनवड, ता. ३ मार्च १९७५

तीर्थरूप दादास, कस्तुराचा शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून दाखवलं. लोक हासले, कोणी शिव्याही घातल्या. परवा डाक्टर आले, तं दुपारलोक एकही ढोर नाही. मले इतकी चीड आली, का तुह्यं पत्र फाडूनच टाकावं. डाक्टर सामान बांधाले लागले, तवा हौसाबाई आपली म्हैस घेऊन आली. तिनं मले पुन्हा इचारलं, का खरंच हमी नाही असं लिवलं हाये काय. मी हो मनलं. ती मने, मंग टोचा. तवा तुह्या भावाले सारं ठाऊक होतं अन् माह्यं वासरू गेलं. आता तो ठाऊक नाही मनते, तं आयकून पाहू.

तिच्यामागं तेवीस ढोरं आली.

आपली,
कस्तुरा