ब तुकडी आणि स्टँडबाय पंप

१२ ऑगस्ट, सोमवार

आधी माफी. एक जानेवारीपासून रोज लिहायचं असा निश्चय करून मुलाकडून ही डायरी मागून घेतली होती, आणि पहिलं पान आज उघडतोय. माफी कुणाची मागतोय ते माझं मलाच कळत नाही, कारण हे वाचणारा मी एकटाच. पण उशीर झाला की आधी माफी मागून मोकळं व्हायचं, ही नोकरीतली सवय. मध्ये लिहिण्यासारखं काही घडलंही नाही. बीपीची गोळी, पेपर, गच्चीवरची टाकी भरली का ते बघणं.

आजपासून मात्र लिहावंच लागेल. मला काम मिळालंय. संशोधनाचं.

१३ ऑगस्ट

सविस्तर. सूनबाई शाळेत नववीला जीवशास्त्र शिकवते आणि वर पीएचडी करते. मुलगा इंजिनिअरिंग कॉलेजात, अप्लाइड का काय म्हणतात त्या विभागात. दोघांनी मिळून हृदयाचं मॉडेल बनवलंय. पारदर्शक प्लास्टिक, उशीएवढा आकार, आत चार कप्पे, झडपा, खाली दोन छोट्या मोटरी. एका बाजूने निळं पाणी, दुसऱ्या बाजूने लाल. सगळे हृदय हृदय म्हणतात, पण खरं बघितलं तर तो पंप आहे. आणि पंप म्हटलं की मी आलो. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, पण पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसमध्ये सगळा जन्म गेला.

मॉडेल शाळेच्या प्रयोगशाळेत राहणार. रोज पाणी भरायला, पुसायला, झाकण घालायला कुणीतरी हवं. मुलगा म्हणाला, बाबा रिकामेच आहेत. आमची ही, म्हणजे बायको, सूनबाईला म्हणाली, न्या बाई, दिवसभर घरातले नळ उघडून बघत फिरतात.  सूनबाई म्हणाली, बाबा, फक्त पाणी आणि फडकं. बाकी कशाला हात लावायचा नाही.

म्हणजे तांत्रिक बाजू पूर्णपणे माझ्याकडे.

१६ ऑगस्ट

आज संशोधन समजावून घेतलं. नववीच्या दोन तुकड्या. अ तुकडीला मॉडेलवर शिकवायचं. ब तुकडीला तोच धडा नुसता पुस्तक आणि फळ्यावर. शेवटी सूनबाईचे मार्गदर्शक, त्यांना मी मोठे सर म्हणतो, येऊन दोन्ही तुकड्यांना तोंडी प्रश्न विचारणार. मी विचारलं, ब तुकडीने काय घोडं मारलंय? ती म्हणाली, काही नाही हो बाबा, फरक किती पडतो तेच तर बघायचंय.

हे सत्र संपायच्या आत अहवाल गेला नाही तर तिची नोंदणी रद्द. इतक्या वर्षांची मेहनत वाया. सूनबाई हल्ली नखं खाते. मीही खायचो, दात होते तोवर.

मला बसवेना. टाकी दोनदा बघून आलो.

२० ऑगस्ट

पहिला दिवस. अ तुकडी खूश. मी मात्र हादरलो. दोन्ही मोटरी एकाच वेळी चालू. आमच्याकडे असं कुणी केलं असतं तर हातात मेमो पडला असता. एक पंप चालू, एक स्टँडबाय, हा नियम. चालू पंप तापला की दुसरा घ्यायचा. दोन्ही चालवले आणि दोन्ही जळाले तर गावाने काय प्यायचं?

मुलाला फोन केला. तो म्हणाला, बाबा, मीटिंगमध्ये आहे, ते तसंच असतं. ते तसंच असतं, हे इंजिनिअर लोकांचं ठरलेलं उत्तर.

ठराव: सूनबाई प्रयोगशाळेत नसेल तेव्हा उजवी मोटर बंद. तिला विश्रांती.

२३ ऑगस्ट

मधल्या सुट्टीत ब तुकडी खिडकीच्या काचेला नाक लावून उभी. त्यांच्यात एक दोन वेण्यांची मुलगी आहे, तिचं प्रत्येक वाक्य प्रश्नाने संपतं. मी तिचं नाव प्रश्नपत्रिका ठेवलंय. ती म्हणाली, आजोबा, आम्हाला का नाही? आम्ही काय ढ आहोत का?

 खिडकी लावून घेतली. मग छातीत धडधड. घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, धडधडत नसेल तेव्हा सांगा.

२४ ऑगस्ट

ठराव: ब तुकडीला मॉडेल दाखवायचं नाही. सूनबाईला शब्द दिलाय.

२६ ऑगस्ट

दाखवलं. पण लांबून.

२७ ऑगस्ट

आज जवळून. लांबून बघून डोळ्यांवर ताण येतो. वाढत्या वयाची मुलं आहेत.

२९ ऑगस्ट

आज मधली सुट्टी कधी संपली कळलंच नाही. मुलं बाकांवर, मी उभा. हातात खडू घेतला होता, लिहिलं काही नाही, पण हातात खडू असला की आवाज आपोआप वर लागतो.

त्यांना पहिल्यापासून सांगितलं. हृदय म्हणजे दोन पंप, डावा आणि उजवा. डावा चालू, उजवा स्टँडबाय. दाखवूनही दिलं, कारण उजवी मोटर विश्रांतीलाच होती. प्रश्नपत्रिका म्हणाली, आणि डावा थकला तर? म्हटलं, चेंजओव्हर. उजवा सुरू, डावा बंद. ती म्हणाली, बटण कोण दाबतं? म्हटलं, ऑटोमॅटिक असतं. हे मला त्या क्षणीच सुचलं, पण बोलून गेल्यावर इतकं पटलं की माझं मलाच बरं वाटलं. मग प्रायमिंगचं सांगितलं. पंप सुरू करण्याआधी त्यात पाणी भरावं लागतं, नाहीतर तो हवा धरतो. म्हणून सकाळी उठल्याबरोबर, पाय जमिनीवर टेकायच्या आत ग्लासभर पाणी.

घरी येताना लक्षात आलं. माझी ती धडधड म्हणजे चेंजओव्हरच. इतकी वर्षं उगाच घाबरत होतो. हिला म्हटलं, आता गोळीची गरज आहे का याचा विचार करायला हवा. हिने विचार न करता गोळी हातावर ठेवली.

२ सप्टेंबर

ब तुकडी रोज येते. प्रश्नपत्रिका आता बाकीच्यांना समजावते. मी फक्त मान डोलावतो.

सूनबाईला अजून सांगितलेलं नाही. तिला आनंदाचा धक्का द्यायचाय. एक तुकडी हुशार निघाली तर पीएचडी, मग दोन निघाल्या तर मोठे सर मुदतीची वाटसुद्धा बघणार नाहीत. इतकी साधी गोष्ट एवढ्या शिकलेल्या माणसांना कशी सुचली नाही याचं नवल वाटतं. मान खाली घालून पुस्तकं वाचली की असं होतं.

५ सप्टेंबर

सूनबाईने दोन्ही तुकड्यांची छोटी चाचणी घेतली. कप्पे किती, झडपा किती, रक्त मागे का येत नाही, असं. संध्याकाळी चहाचा कप हातात तसाच, गार झालेला. म्हणाली, दोन्ही तुकड्या सारख्याच. फरकच दिसत नाही.

मी म्हणालो, अभिनंदन.

तिने कप खाली ठेवला. मुलगा म्हणाला, बाबा, फरक दिसला नाही तर मॉडेलचा उपयोगच नाही असा अर्थ होतो. पुस्तकानेही तेच होतंय ना. तिचा प्रबंध त्या फरकावर उभा आहे. माझाही पेपर अडकलाय त्यात.

मी म्हणालो, असं आहे होय.

स्वयंपाकघरात हिने गाठलं. अहो, तुम्ही काही केलंत का? म्हटलं, मी काय करणार, फडकं मारतो. हे खोटं नव्हतं. फडकंही मारतो.

६ सप्टेंबर

बसवत नाही, उभं राहवत नाही. सूनबाई म्हणते, चाचणी सोपी होती, सर खोलात जाऊन विचारतील तेव्हा फरक दिसेल. सरांची भेट सोमवारी. ठराव: ब तुकडीला सांगायचं, की जे शिकलात ते विसरा.

७ सप्टेंबर

सांगितलं. प्रश्नपत्रिका म्हणाली, आजोबा, असं कसं विसरायचं?

तिला सोमवारी आजारी पडता येईल का, हे विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. तेवढी पत राखली.

९ सप्टेंबर, सोमवार

क्रमाने लिहितो.

मोठे सर आले. माणूस शांत, बुटांचा आवाजसुद्धा न करणारा. आधी अ तुकडी. उत्तरं बरी दिली. मग ब. मी मागच्या भिंतीशी स्टुलावर, हातात फडकं. सूनबाई दारात.

सरांनी विचारलं, हृदयाच्या दोन बाजूंचं काम काय? सगळी तुकडी हात वर करून. सूनबाईचा चेहरा पडला, हात बघूनच. सरांनी नेमकं प्रश्नपत्रिकेला उठवलं. ती म्हणाली, सर, डावी बाजू चालू असते, उजवी स्टँडबाय. सर म्हणाले, काय? मागचा एक मुलगा म्हणाला, सर, आलटून पालटून. तिसरा म्हणाला, चेंजओव्हर होतो तेव्हा धडधडतं. सर म्हणाले, हे पुस्तकात कुठे आहे? प्रश्नपत्रिका म्हणाली, पुस्तकात नाहीये सर, पुस्तकात प्रायमिंगपण नाहीये.

मग सगळ्या तुकडीने वळून माझ्याकडे बघितलं. कौतुकाने बघितलं, हे लिहून ठेवतो. कुणी चुगली केली नाही. त्यांना वाटलं, मला बक्षीस मिळणार.

सूनबाई दारातून हलली नाही. मला म्हणाली, बाबा, तुम्ही ब तुकडीला मॉडेल दाखवलंत? सगळ्यांसमोर, पण हळू. मी म्हणालो, आधी लांबून.

मुलं गेल्यावर मोठे सर माझ्या स्टुलापाशी आले. रागावतील वाटलं. ते म्हणाले, आजोबा, दोन्ही बाजू एकाच वेळी चालतात. उजवी फुप्फुसांकडे रक्त पाठवते, डावी सगळ्या अंगाला. जन्मापासून, एक ठोका न थांबता. स्टँडबाय नसतो.

मी विचारलं, एकसुद्धा?

ते म्हणाले, एकसुद्धा.

फडकं कुठे ठेवलं ते आठवत नाही.

१० सप्टेंबर

या शाळेचं काहीच संशोधनात धरता येणार नाही. ब तुकडीला पुस्तकाने काय येतं ते आता कधीच कळणार नाही, कारण त्यांना मी येतो. मोठ्या सरांनी मार्ग सुचवलाय. दुसरी शाळा, दोन नव्या तुकड्या, सगळं पहिल्यापासून. पण त्यासाठी विद्यापीठाने मुदत वाढवून द्यायला हवी. अर्ज केलाय. नाही मिळाली तर संपलं.

सूनबाई मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मुलगा बोलला, पण तो पंपाबद्दल. म्हणाला, एक मोटर बंद ठेवली की झडपेवर दाब येतो, एक झडप वाकलीय. मी म्हणालो, मी सरळ करतो. दोघे एकदम म्हणाले, नको.

ठराव: आता कशाला हात लावायचा नाही. स्वतःच्या छातीलासुद्धा नाही. सकाळपासून सारखा हात तिथेच जातोय.

१२ सप्टेंबर

सूनबाईच्या बहिणीच्या गावी एक शाळा मिळाली. सत्र संपेपर्यंत ती रजा घेऊन तिथेच राहणार. मी म्हणालो, पाणी भरायला कुणीतरी लागेलच ना तिथे. ती म्हणाली, तिथे नळ आहे बाबा.

तरी बॅग भरून ठेवतो. ऐनवेळी घाई नको.

१४ सप्टेंबर

गेली. मॉडेल मागच्या सीटवर, पट्टा लावून. मुलगा पोचवायला गेलाय. गाडीत बसताना सूनबाई म्हणाली, बाबा, गोळी वेळेवर घ्या, स्टँडबाय नाहीये. हसली की नाही ते काच वर गेल्यामुळे दिसलं नाही. हिला विचारलं, हसली का? ही म्हणाली, बॅग आत न्या आता, बोळात कुणाच्या तरी पायात येईल.

१८ सप्टेंबर

चार दिवस काही नाही. मुलगा परत आला, तो म्हणतो, विद्यापीठाचं उत्तर थेट तिलाच येणार. मी म्हटलं, मग विचार की तिला. तो म्हणाला, बाबा, रोज विचारून तिला त्रास नको द्यायला. घरात सगळे शहाणे.

सकाळपासून मेसेज लिहितोय. आधी लिहिलं, झडपांत शेवाळ धरतं, पाणी एक दिवसाआड बदल. खोडलं. मग लिहिलं, दोन्ही मोटरी चालू ठेव, माझी चूक होती. तेही खोडलं, चूक होती हे तिला माहीत आहे. मग लिहिलं, तिथल्या मुलांना मी काही सांगणार नाही, नुसता बसेन. ही खांद्यावरून वाचत होती. तिने फोन घेऊन तेही खोडलं आणि फोन परत दिला.

शेवटी एवढंच पाठवलं. सूनबाई, मुदत मिळाली का? हो की नाही, एका शब्दात सांग, बाकी काही विचारत नाही. पण लवकर कळव.