आजोबांच्या जागी करडा चौकोन

बुधवार, संध्याकाळ, राजेंद्र नगर

आज परत वेबसाइट बसली. फौजी आजोबांचा फोटो आणि त्यांची हकीकत ठेवायला मीच बनवलेली, माझ्याच सर्वरवर. सकाळी एक अपडेट केलं. त्याला नवा डेटाबेस पाहिजे, डेटाबेसला नवा सर्वर. ऑफिसातून आल्यापासून हीच झंझट, आणि आजोबांच्या जागी नुसता करडा चौकोन.

उद्या त्यांचा स्मृतिदिन. बुद्धवंदना झाली की सगळे आपापल्या फोनवर ते पान उघडतात आणि आत्या मोठ्याने वाचते. तिचाच महूहून फोन आला.

"काय रे, बाबा दिसत नाहीयेत."

"अपडेट चालू आहे, आत्या."

"तुझं अपडेट हमेशा चालूच असतं, बेटा. मला बस बाबा दिसले पाहिजेत."

वैतागून सगळं काढून टाकलं. हाताने एक साधं पान लिहिलं, वर फोटो, खाली हकीकत. झटक्यात उघडलं. करडा चौकोन गेला.

लॉगिन, स्लाइडशो, कमेंट... घरात कोणी मागितलं होतं? वर्षानुवर्षं मी कोणासाठी खपत होतो?

आत्याला फोनवर लिंक पाठवली. म्हणाली, "दिसले. आता काही सुधारू नको."