कंपाउंडरच्या मानपत्रातलं वाक्य

बाबा,

गेल्या मंगळवारी सकाळी एक अनोळखी गृहस्थ दारात उभे राहून माझ्या अक्षराची तारीफ करू लागले, आणि मी दाराची साखळी काढली नाही. सत्तरीच्या आसपासचे, इस्त्रीचा शर्ट, काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी. "ताई, तुमचं अक्षर म्हणजे एकदम छापल्यासारखं, कसम से. आजकाल ऐसा लिहिणारं कोण राहिलंय?" आता यांनी माझं अक्षर पाहिलं कुठे? मी मनात म्हटलं, थांबा, हा माणूस काहीतरी मागणार. तुम्हाला जाऊन सत्तावीस वर्षं झाली, मला शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण माझी ही खोड गेलेली नाही. कुणी गोड बोललं की मी आधी त्याच्या हाताकडे बघते, अर्जबिर्ज आहे का म्हणून.

ही खोड मला तुमच्याकडून मिळाली, हे तुम्हाला कधी तोंडावर सांगितलं नाही. परदेशीपुऱ्यातल्या आपल्या दोन खोल्या, दिवसा तुमची गिरणीतली कारकुनी आणि संध्याकाळी मंडळाचं काम. इंदुरातला मराठी माणूस निवृत्त झाला, साठीला पोचला, की मंडळातर्फे शाल, श्रीफळ आणि मानपत्र ठरलेलं. मानपत्राचा मजकूर तुमचा आणि अक्षर माझं. अकरा वर्षांची असल्यापासून मी टाक आणि काळी शाई घेऊन जाड कागदावर लोकांची स्तुती उतरवत आले. त्यातले बरेच लोक मला ठाऊक होते, हीच तर पंचाईत. ज्यांचं गल्लीत एकाशीही पटत नव्हतं ते 'स्पष्टवक्ते' झाले. जे पाहुण्याला पाणी विचारत नसत त्यांची 'राहणी साधी' झाली. एकदा मी टाक खाली ठेवून तुम्हाला विचारलं, "बाबा, पण हे खरं कुठे आहे?" तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "हे मानपत्र आहे, पंचनामा नाही. लिही." मी लिहिलं. पण हलवायाच्या भट्टीमागे राहणाऱ्याला मिठाई खावीशी वाटत नाही, तसं माझं चांगल्या शब्दांच्या बाबतीत होऊन बसलं.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तुमचे जावई मला म्हणाले, "तू हसतेस तेव्हा छान दिसतेस." मी विचारलं, "काय हवंय?" बिचाऱ्यांना काहीच नको होतं. आता चाळीस वर्षं होत आली, माझ्या पुरणपोळीपासून नव्या चष्म्यापर्यंत सगळ्याला ते "ठीक आहे" म्हणतात आणि पेपर उघडतात. शेजारच्या भाभीजी "आपके हाथ के पोहे, वाह!" म्हणाल्या की त्या गावाला जाणार आहेत आणि झाडांना पाणी मी घालायचं आहे, हे मला लगेच कळतं, आणि बहुतेक वेळा तसंच निघतं. अन्नपूर्णा मंदिराच्या बाजूला आमची शाळा. तिथे माझ्या निरोपाला एका नव्या बाईंनी फोनवरून उतरवून काढलेलं मानपत्र वाचलं. त्यात मी 'असंख्य विद्यार्थ्यांच्या जीवनातील दीपस्तंभ' होते. इंदुरात दीपस्तंभ! समुद्र कुठून आणायचा? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी पण वाजवल्या, आणि घरी येऊन ती फ्रेम कपाटामागे उभी करून ठेवली.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. दवाखान्यातली ती दुपार मात्र नेता येत नाही. तुमच्या ऑपरेशनला आठ दिवस झाले होते आणि डॉक्टर आमच्याशी बोलताना आमच्याकडे बघत नव्हते. मी शाळा सुटली की तशीच यायची. त्या दिवशी मी तुमच्या खाटेशेजारी उभी राहून औषधांच्या बाटल्या, रिपोर्ट, चादरी, सगळं जागच्या जागी लावतेय. आईने पाठवलेला माझा डबा खिडकीत तसाच पडलाय. तुम्ही बराच वेळ माझ्याकडे बघताय. मग कष्टाने, एकेक शब्द सुटा करत म्हणता, "हातातलं काम पुरं झाल्याशिवाय तू कधी पानावर बसली नाहीस." मला ते वाक्य ऐकल्याबरोबर ओळखू आलं. कसं नाही येणार? मीच तर ते चौदाव्या वर्षी, मल्हारगंजातल्या एका कंपाउंडरच्या मानपत्रात उतरवलं होतं. आयुष्यात तुम्ही मला कधी 'शाबास' म्हणाला नव्हतात आणि आता शेवटी म्हणालात ते दुसऱ्याचं. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "बाबा, हे त्या कंपाउंडरच्या मानपत्रातलं आहे. मला तरी नवीन द्यायचं."

"हो का," एवढंच म्हणालात. त्यानंतर चार दिवस तुम्ही होतात, आणि त्या चार दिवसांत पाणी, उशी, पंखा यापलीकडे माझ्याशी बोलला नाहीत. आजारी माणूस, दम लागत होता, म्हणून बोलला नसाल, अशी मी इतकी वर्षं माझी समजूत घालत आले. ती कधी नीट पटली नाही.

तर मंगळवारचे ते गृहस्थ. साखळीच्या फटीतून मी विचारलं, "काम काय आहे?" ते म्हणाले, "हमारे बाबा का मानपत्र है, ताई. पाणी लागून खराब झालंय. मी आता मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला जातोय, तिथे लावायचंय. मंडळात विचारलं तर म्हणाले, अक्षर तुमचं आहे. तेवढं परत लिहून द्या ना." झालं, मागणी बाहेर पडली. मागणी बाहेर पडली की मला बरं वाटतं, मग मी दार उघडते.

चादरीतून फ्रेम निघाली. कडेने मी आखलेली दुहेरी रेघ, खालचा अर्धा भाग ओल चढून तपकिरी झालेला. नाव वाचलं, पुन्हा एकदा वाचलं. तोच कंपाउंडर. नावाखाली तिसऱ्या ओळीत, शाई जराशी पसरलेली पण स्वच्छ वाचता येणारी: 'हाती घेतलेले काम पुरे झाल्याशिवाय आपण कधी पानावर बसला नाहीत.' मी मुद्दाम खवचटपणे म्हटलं, "तुमचे वडील फारच कामसू होते म्हणजे."

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "कोण, बाबा? अहो ताई, बारा वाजले की बाबा जेवायला. समोर पेशंट बाटली धरून उभा असला तरी! 'हाओ, अभी आया' म्हणायचे आणि निघायचे. डॉक्टरसाहेब चिडायचे. या लाइनवर तर आम्ही घरात आजपर्यंत हसतो."

"मग ही ओळ आली कुठून?"

"वो तो तुमच्या बाबूजींनी दिली," ते म्हणाले. "लिहायच्या आधी ते घरी आले होते. सगळ्यांच्याच घरी जायचे ना ते?"

मला माहीत नव्हतं, बाबा. संध्याकाळी तुम्ही टोपी घालून बाहेर पडायचात ते मंडळात चकाट्या पिटायला, असं आई म्हणायची आणि मी पण तेच धरून चालले होते. मजकूर तुम्ही घरबसल्या जुळवता, पाच-पंचवीस ठरलेली वाक्यं आहेत, माणूस बदलला की तीच इकडची तिकडे करता, अशी माझी पक्की खात्री होती. तुम्ही लोकांच्या घरी जाऊन, त्यांच्या बायकांना आणि मुलांना विचारून येत होतात, हे मला एका परक्या माणसाने माझ्याच घरात बसून सांगावं!

"मी तेव्हा वीस वर्षांचा, समोरच बसलो होतो," गृहस्थ सांगत होते. "बाबूजींनी विचारलं, यांच्याबद्दल काही चांगलं सांगा. आई म्हणाली, झोप चांगली आहे यांना. माझी तर बाबांशी तेव्हा बोलचालच बंद होती. मग बाबा खुद म्हणाले, भिया, माझ्यात लिहिण्यासारखं कुछ है नी, तुम्ही रहने दो. तोंड इतकंसं झालं होतं त्यांचं. तुमच्या बाबूजींचा चहा समोर ठंडा हो गया. मग म्हणाले, 'मी तुम्हाला एक वाक्य देतो. ते माझ्या मुलीचं आहे, तिच्यासाठी मनात ठेवलं होतं. तुम्ही आत्ता वापरा, तिला मी नंतर देईन.'"

मी लगेच विश्वास ठेवला असेल असं समजू नका. मी त्यांची उलटतपासणीच घेतली. पन्नास वर्षांपूर्वीचं बोलणं तुम्हाला शब्दन् शब्द कसं आठवतं? ते म्हणाले, "घर की बात थी, ताई. आम्ही हसायचो तेव्हा बाबा रागवायचे. म्हणायचे, हसू नका, ये मेरा नहीं है, किसी की बच्ची का है." हे आधी का नाही येऊन सांगितलं? "तुम्हाला माहीतच असेल असं वाटलं." चहा दिला, तर साखर जास्त झालेली असूनही त्यांनी "फर्स्ट क्लास" म्हटलं, म्हणजे खोटं बोलता येतं या माणसाला, हे मी मनात टिपून ठेवलं. फुकटात मानपत्र लिहून घ्यायचं म्हणून रचून सांगत असतील, हेही मनात आलं. चौकशी करून आले असतील, म्हाताऱ्या बाईला वडिलांचं काही सांगितलं की ती विरघळते, हे कुणालाही कळतं. तीन दिवस मी हेच घोळवत होते. पण एका ठिकाणी माझा संशय अडतो. दवाखान्यात तुम्ही काय म्हणालात ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. आईलाही नाही, तुमच्या जावयांनाही नाही. 'तिला मी नंतर देईन' म्हणणारे तुम्ही, ते खरोखरच मला द्यायला गेलात, हे त्या गृहस्थांना कुठून माहीत असणार?

आणि मग मला ती संध्याकाळही आठवली. मानपत्र लिहिताना मधे उठलं की पुढच्या ओळीचं अक्षर बदलतं, हात वेगळा पडतो, म्हणून मी एका बैठकीत लिहायची. आई आतून तिसऱ्यांदा हाक मारतेय, "ताट वाढलंय गं, गार होतंय." मी "आले" म्हणतेय आणि जागची हलत नाहीये. आई तुम्हाला म्हणते, "अहो, तिला उठवा की." तुम्ही दाराशी पाय लांब करून बसलाय. "पुरं होऊ दे तिचं," तुम्ही म्हणता. तेव्हा माझ्या टाकाखाली नेमकी तीच ओळ होती की दुसरी, हे मी शपथेवर सांगणार नाही. पण मानपत्र तेच होतं. माझं ताट गार होत होतं आणि मी स्वतःविषयीचं वाक्य एका कंपाउंडरच्या नावाखाली, रेघ न चुकवता उतरवत होते.

तुम्ही सांगितलं का नाहीत, बाबा? 'हो का' काय? एक शब्द बोलला असतात, 'तुझंच आहे' म्हणाला असतात, तर माझी सत्तावीस वर्षं वाचली असती. मला तुमचा राग येतो, आणि राग यायला लागला की मला आठवतं, की दम लागणाऱ्या माणसाने सगळी ताकद एकवटून आधीच एक अख्खं वाक्य बोलून दाखवलं होतं. मी ते त्याच्या तोंडावर परत केलं. माझं चुकलं. साधं, सरळ चुकलं.

ते गृहस्थ रविवारी येणार आहेत. नवा कागद आणलाय, रेघा आखून झाल्यात, दोन ओळी लिहूनही झाल्या. तिसरी ओळ त्यांचीच राहू देणार आहे. तुम्ही त्यांना दिलेली आहे, मी काढून घेणारी कोण? हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही. शाळेच्या निरोपाच्या फ्रेमसोबत ते कपाटामागे जाईल, आणि कुणाच्या हाती लागलं तर लागो.

एक गोष्ट तेवढी कुणाजवळच बोलले नाही. चौदाव्या वर्षी ती ओळ उतरवताना मला त्या कंपाउंडरचा हेवा वाटला होता. म्हटलं होतं, असं माझ्याबद्दल कुणी का म्हणत नाही? दवाखान्यात तुम्ही ते म्हणालात, तेव्हा ते जुनं आहे म्हणून मी चिडले नव्हते, बाबा. ते मला इतकं हवं होतं की खोटं निघालं तर सोसवणार नाही, या भीतीने मी बोलून गेले.