नजर हलली की

सोमवार, ३ तारीख
रात्रभर डोळ्याला डोळा नाही. भीतीनं नाही, आनंदानं! नोकरी लागली. मी चौथी शिकलेली. साहेब म्हणाले, इथं शिक्षण नको, डोळे पाहिजेत. गोदामाच्या माडीवर खोली, तिथं सहा टीव्ही. चोरी होते का ते दिवसभर बघायचं. सहा नंबरच्या टीव्हीत कामगारांची पोरं सांभाळतात ती खोली दिसते, तिथं माझी चिमी पाळण्यात. झाडूवाली मावशी म्हणाली, राणी झालीस की गं, टीव्ही बघायचा पगार!

बुधवार, ५
साहेबांनी शिकवलं. एक ते सहा ओळीनं बघायचं, प्रत्येकाला दहा मोजायचे. मनाला येईल तसं बघितलं तर जिथं नुकतंच बघितलं तिथं नजर लवकर परत जात नाही, चोर तेवढ्यातच साधतो.
मी चुकते. एक, सहा. दोन, सहा. आईचा जीव.
आज सहामध्ये दाराशी एक बाई उभी होती. राखाडी कपडे, तोंड भिंतीकडे. सांभाळणारी आया असेल.

गुरुवार, ६
आया नव्हती. आया म्हणाली, माझ्याशिवाय इथं कोण येतंय, चष्मा लाव जा.
मी बघते तोवर ती बाई हलत नाही. दोन नंबर बघून परत आले की ती पाळण्याकडे एक पाऊल पुढं.
डोळे शिणले असतील. काम सोडलं तर साहेबांनी दिलेली राहायची खोलीपण जाईल.

शुक्रवार, ७
सहावरून नजर काढलीच नाही. तर तीनमध्ये दिवा लुकलुकला. डोळा आपोआप तिकडं गेला. मी नेला नाही, देवाशपथ.
परत बघितलं तर पाळण्याच्या दांडीवर तिचा हात.
साहेबांना सांगितलं दिवा बिघडलाय. म्हणाले, तीनच्या गाळ्यात दिवाच नाही.

शनिवार, ८, दुपार
पाळण्यात वाकली होती. धावत खाली गेले, चिमीला उचललं. आया ओरडत राहिली. नोकरी गेली खड्ड्यात. फक्त पिशवी घ्यायला वर आले. सहा नंबरमध्ये ती बाई नव्हती. जीव भांड्यात पडला. वळले तर—
दारात. माडीवरच्या माझ्या खोलीच्या दारात.

वहीकडे न बघता लिहितेय. अक्षरं एकमेकांवर चढली असतील— नजर तिच्यावरच. एक डोळा मिटते, तो उघडला की दुसरा— खाली यंत्रं चालू, हाका ऐकू जात नाहीत— चिमी मांडीवर रडतेय, तिच्याकडं बघता येत नाही— फोन हातात आहे, पण आकडे बघितल्याशिवाय कसे दाबू—

टीव्ही लुकलुकायला लागले. एक. आता दोन— नाही बघणार—

चिमी गप्प झाली. का गप्प—

हे वाचाल त्यांनी माझ्या भावाला फोन करा. माझ्या फोनात दादा म्हणून नंबर आहे. एकटा येऊ नको म्हणावं. दोघं या. एकानं तिच्यावरची नजर काढायची नाही, दुसऱ्यानं पोरीला—