उरलेले सोमवार माझे

वर्षा,

तू झोपली आहेस म्हणून लिहितो. समोर बोललो असतो, तर आवाज चढला असता.

परवा डॉक्टरबेननी जेवणाबद्दल विचारले, "जमवानुं बराबर छे ने?" आणि तू बिनदिक्कत म्हणालीस, "हा, बधुं खाऊं छुं." सोमवार, गुरुवार, चतुर्थी उपाशी, इतर दिवशी सर्वांची ताटे उचलल्यावर उरेल ते. याला तू सगळे खाणे म्हणतेस? मी शेजारी बसून संताप गिळत होतो. त्यांनी किती सरळ सांगितले: अन्न कमी पडले की शरीर संप्रेरके आवरती घेते, पाळी लांबते, स्त्रीबीज पक्व होत नाही. वीज गेलेल्या यंत्रमागासारखे. उभे धागे ताणलेले, कापड मात्र सरकत नाही. मूल व्हावे म्हणून तू उपाशी राहतेस, आणि उपाशी राहतेस म्हणूनच... हे वाक्य मला पुरे करवत नाही.

सोमवारांचा नवस अर्ध्यात सोडला तर देव कोपेल, ही तुझी भीती. ठीक आहे. आजचा धरून उरलेले सगळे सोमवार मी धरतो. माझा देवावर विश्वास नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. तो चालवून घेईल. आईला आत्ताच सांगितले. ती म्हणाली, "मंग तुन्हासाठे साबुदाना भिजाडू का?"

त्याआधीच तिने पहाटे भरलेला माझा डबा ओट्यावर आहे. मी तो विसरून मार्केटला कामावर गेलेलो नाही. आज घरात सर्वांच्या आधी तू जेव.

भूपेंद्र