दमा नाही

आई, तू गेलीस तेव्हा जी माझ्या पोटातही नव्हती, ती तुझी नात आता सोळा वर्षांची आहे आणि तिला पाण्याखाली श्वास घ्यायचं खूळ लागलंय. पाठीवर हवेची टाकी बांधायची, तोंडात नळी धरायची आणि मासे बघत फिरायचं. प्रत्येक वेळी तब्येतीचा फॉर्म भरावा लागतो, त्यात दम्याचा प्रश्न असतो. लहानपणी तिला दमा होता, पण गेल्या चार वर्षांत एकदाही धाप लागली नव्हती. 'हो' लिहिलं की डॉक्टरांचा दाखला आणा, आणि ते नको म्हणाले की सगळंच बारगळलं. "आई, जस्ट टिक नो लाह," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. मी केली 'नाही'वर खूण. इथे सिंगापूरच्या गढूळ, कोमट समुद्रात काही झालं नाही. मग सुट्टीत ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण टोकाला, थंड पाण्यातले खडक बघायला जायचं ठरलं, तेव्हाही केली. हात जरासुद्धा अडखळला नाही. अडखळेल कसा? तुझ्या हाताखाली तयार झालेली ना मी!

मला बघायला आले होते तो दिवस आठवतो. स्वयंपाकघरात तू मला दम्याची गोळी गिळायला लावतेस, वर कोरा चहा पाजतेस आणि दटावतेस, "खोकला आलाच तर पोह्यात मिरची जास्त झाली म्हण." बाहेर सासूबाई विचारतात, "तब्येत कशी असते हो मुलीची?" तू म्हणतेस, "आमच्याकडे कुणाला साधी सर्दी होत नाही." इतक्या सहज म्हणालीस, की क्षणभर मलाही खरं वाटलं. लग्नानंतरची पहिली थंडी मी न्हाणीघरात नळ सोडून काढली, छातीची घरघर बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. माहेरी आल्यावर तुला सांगितलं, तर म्हणालीस, "होईल सवय." मला तुझा फार राग आला होता. अजूनही आहे.

तिथे पाणी जेमतेम तीन पुरुष खोल होतं, पण असं गार की पायाचा अंगठा बुडवून मी मागे सरले. मला पोहता येत नाही, हे तुला माहीतच आहे. काठावर बसून मी तिचे बुडबुडे कुठे उमटतात तेवढं बघत होते. ती वेळेआधीच वर आली. शिकवणाऱ्या बाईंनी तिला ओढतच काठाला आणलं. ओठ निळे पडलेले, खांदे वर चढलेले, आणि छातीतून ती शिट्टी. बाई ओरडल्या, "हिला दमा आहे का?" आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही. कधीच नाही. थंडी वाजतेय तिला." अगं, पोरगी डोळ्यांसमोर हवेसाठी तडफडतेय आणि मी नाही म्हणतेय! तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझाच हात पर्समध्ये गेला आणि दम्याचा पंप बाहेर आला. तिलाही न सांगता सोबत आणला होता मी. बाईंनी पंपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पंप काढून घेऊन तिच्या तोंडाला लावला. ऑक्सिजनही लावला. मला कुणी काही करायला सांगितलं नाही. मी नुसती उभी होते.

ती बरी आहे. सिंगापूरला, पासिर रिसच्या घरी परतून आठवडा झाला. आज दुपारी पोळी वाढताना मी म्हटलं, "चुकलं गं माझं, फॉर्म तसा भरायला नको होता." ती म्हणाली, "फॉर्म इज ओके, आय टोल्ड यू टू टिक नो लाह. बट आय कुडन्ट ब्रीद, आई. यू स्टिल सेड नो. व्हाय?" मी म्हटलं, घाबरले होते. तिने मान डोलावली आणि जेवत राहिली. पण ते खरं नाही, आई. घाबरले ते नंतर. आधी लाज वाटली. त्या परक्या बाईसमोर माझ्या मुलीत काही उणं निघालं, याची. ती शेजारच्या खोलीत आहे, दार उघडंच आहे. हे तिला सांगायचं होतं. तुला लिहिलं, कारण तू वाचणार नाहीस.